रॉड अजून फायनल व्हायचाय

११ जानेवारी, रविवार

घटनाक्रम:
१. मुरगूडचे पाहुणे आले. मुलगा सयाजी, गुरांचा डॉक्टर. सोबत आई-वडील आणि मामा.
२. मामांनी पोह्यांचं कौतुक केलं. मी सांगितलं, पोहे आईने केलेत.
३. शालूआत्याने मला चिमटा काढला. स्थळ तिने आणलं आहे.
४. मामांनी छंद विचारला. बायोडेटात आत्याने परस्पर 'विणकाम, रांगोळी' लिहिलं आहे.
५. मी म्हणाले, मासे धरणे.
६. मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाला, "अरे वा, मी पण. रॉड कुठला वापरता?"
७. मी म्हणाले, "अजून फायनल व्हायचाय."
८. त्याने १ फेब्रुवारीला मुरगूडच्या तलावावर बोलावलं. आईने हो म्हटलं.

मी मासा फक्त ताटात पाहिला आहे. पाहुणे पळावेत म्हणून बोलले होते. नकार आधीच ठरला होता, अजूनही ठरलेला आहे. पण मी क्वालिटी इंजिनिअर. आपल्या तोंडून गेलेला चुकीचा डेटा तसाच सोडवत नाही. आधी विधान खरं करायचं, मग नकार. मुलाशी याचा संबंध नाही.

पाहुणे गेल्यावर आत्या: "मासं धरती म्हणं! परत कोण आलं तर कुस्ती खेळती म्हणून सांग."

१३ जानेवारी, मंगळवार

निकष ठरवले. स्पिनिंग रॉड, टिकाऊ, परवडणारा. कमाल पंधराशे. कार्बन हलका पण ठिसूळ. फायबरग्लास जड पण सोसणारा. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारा, प्रवासाला बरा, पण जोड जितके जास्त तितक्या तुटण्याच्या जागा. ठरलं: फायबरग्लास, दोन भागांचा, साडेसहा फुटी, मीडियम ताकदीचा. गुणांचा तक्ता केला. बाकी लोक दुकानदाराच्या तोंडाकडे बघून घेतात.

१७ जानेवारी, शनिवार

लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले. दुकानदार हंबीरराव. दोरी ज्यातून जाते त्या कड्यांना ओरखडे नसावेत, म्हणून प्रत्येक कड्यातून कापूस फिरवून पाहिला. धागा अडकला तर रॉड बाद. अकरा बाद केले.

हंबीरराव म्हणाले, "पावणं, मासा धरायचा हाय का त्येचं कान साफ करायचं हायत?"

गिऱ्हाईक हसलं. मी दुर्लक्ष केलं. फायबरग्लासमध्ये निर्दोष पीस नव्हता, म्हणून टेलिस्कोपिक घेतला. हंबीरराव दोरी गुंडाळायचं रील कसं लावायचं ते दाखवू लागले. मी म्हटलं, माहीत आहे. घरी लावलं. रील वरच्या बाजूला येतं, हँडल फिरवताना डोळ्यांसमोर राहतं. सोयीचं डिझाइन.

२१ जानेवारी, बुधवार

पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी असल्याचा पहिल्यांदाच वैयक्तिक फायदा झाला. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये रॉडची मूठ वाइसच्या जबड्यात आवळून धरली, रील वर, टोकाला वजनं. वाढवत नेली. रॉड मोडला. म्हणजे टिकाऊ नव्हता. वेळीच कळलं.

शिफ्ट इन्चार्ज उदयसिंह दारात उभा होता. म्हणाला, "क्रांती मॅडम, मोडंपतुर वजन लावल्यावर काय बी मोडतंय की. नवऱ्यामुलाला बी असंच टांगनार काय?"

उदयसिंहची स्वतःची पार्टं दर महिन्याला परत येतात.

२४ जानेवारी, शनिवार

हंबीररावांकडे नवा माल आलाय. फायबरग्लास, दोन भागांचा. कापूस पास. लॅबमध्ये वजन पास. यावेळी मोडायच्या आत थांबले. पद्धतीत सुधारणा केली. रॉड फायनल.

सयाजीचा मेसेज: "ठरला का रॉड?" नंबर आत्याने दिला असणार. मी तुलनात्मक तक्त्याची पीडीएफ पाठवली, सात पानी. उत्तर आलं: "बापरे. मस्त."

दोन शब्द. त्यातला दुसरा नीट वाचला तर अनुकूल आहे. तीन वेळा वाचला, खात्रीसाठी.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. गच्चीवर शेजारणीचे पापड, म्हणून हॉलमध्ये सराव केला. रॉड मागे घेतला आणि वर पंखा चालू होता. टोक तुटून टीव्हीमागे पडलं. आई म्हणाली, "बाई गं, जानेवारीत पंखा कशाला लावलास?" घाम आला होता म्हणून. सराव कष्टाचा असतो.

नोंद: रॉड चाचणीत पास, पंख्यात नापास. वापराची परिस्थिती अपेक्षेबाहेरची होती. रॉडचा दोष नाही, माझाही नाही.

२८ जानेवारी, बुधवार

तोच रॉड पुन्हा घेतला. हंबीररावांनी कापूस स्वतःच पुढे केला. तिन्हींची बेरीज करण्याची गरज नाही. प्रत्येक रॉड स्वतंत्रपणे पंधराशेच्या आत आहे.

रंकाळ्यावर जाऊन एकदा पाण्यात टाकून बघ, असं आई म्हणाली. नको. ओळखीचे लोक बघतात.

१ फेब्रुवारी, रविवार. रात्री.

समाधानकारक. क्रमाने लिहिते.

आत्या सोबत होती, भडंगाची पिशवी घेऊन. रॉड मी पीव्हीसी पाइपमध्ये घालून नेला. सयाजी मोटरसायकलवर आला. त्याचा रॉड उघडाच, पाठीला बांधलेला. एक कडं दोऱ्याने बांधलेलं, मधे एम-सील, मुठीला सायकलची ट्यूब. मी विचारलं, हा वापरता? म्हणाला, "व्हय की, लई वर्षं झाली. काय होत न्हाय त्याला."

मला एम-सीलच्या वर बारीक तडा दिसला. दाखवला. त्याला दिसेना. रॉड मागितला. त्याने दिला, हसत. मी त्याला सांगितलं की इथे ताण आला की हा जाणार. आणि वाकवून दाखवलं.

गेला. तडा होता तिथेच. निदान तंतोतंत बरोबर.

आत्या लांबून ओरडली, "अगं भवाने, काय केलंस गं!"

सयाजीने दोन्ही तुकडे माझ्या हातातून घेतले, जुळवून पाहिले. मग म्हणाला, "असू दे की."

मी माझा रॉड काढला. त्याला दिला नाही. नवीन आहे, सेटिंग बदललं असतं. टाकला. दोरीचा गुंता झाला. परत टाकला, परत गुंता. तो आत्याशेजारी बसून भडंग खात होता. शेवटी उठून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अहो, रील खाली असतंय."

मी म्हणाले, हे माझं सेटिंग आहे.

तो म्हणाला, "असू दे की."

मासा मिळाला नाही. थंडी होती, त्यामुळे असेल.

रील खाली असतं हे आल्यावर नेटवर पाहिलं. बरोबर आहे. म्हणजे लॅबमधल्या सगळ्या चाचण्या उलट्या बाजूने झाल्या. पीडीएफमध्ये फोटो आहेत. पान चार आणि पाच. म्हणजे त्याला २४ तारखेपासून माहीत होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुरगूडकडून फोन नाही. मी वाट पाहत नाही. फक्त नकार आधी माझ्याकडून जायला हवा, क्रम चुकायला नको. आजच कळवणार होते, पण ऑडिट होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

आत्याला सयाजीची आई बाजारात भेटली. तिच्याकडून कळलं. तो मोडलेला रॉड त्याला गुंडू नावाच्या शेतकऱ्याने दिला होता. याची नोकरी नवी होती तेव्हा. म्हैस अडली होती, दुसरे डॉक्टर आशा सोडून गेले होते, हा बसून राहिला. म्हैस आणि रेडकू दोन्ही वाचली. गुंडूने घरातला एकुलता एक रॉड आणून हातात दिला.

आत्या म्हणाली, "आन् तू मोडून दाखवलास. इंजिनेर!"

तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता.

आत्याने आजच पुण्याचं दुसरं स्थळ काढलं. आयटी. छंद: प्रवास, संगीत, वाचन. मी म्हटलं, सगळ्यांचे हेच असतात. आत्या म्हणाली, "मग तुला काय, म्हशीचा डॉक्टरच पायजे?"

मी म्हटलं, प्रश्न नीट मांडलेला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नकाराचा मेसेज लिहिला. पाठवला नाही. भाषा तपासायची आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा लिहिला. त्यात तड्याबद्दल खुलासा, लोडचा आलेख, नवा रॉड भरपाई म्हणून पाठवण्याची तयारी. वाचून पाहिला. दोन पानं झाली आणि नकार कुठेच नव्हता. पुसला.

'असू दे की' म्हणजे नक्की काय, हे उदयसिंहला सहज विचारलं. म्हणाला, "कोन म्हनलं?" मी सांगितलं नाही. म्हणाला, "मग जावा की मॅडम, त्यालाच इचारा."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्याची तारीख पाहता आजच पाठवणं सुरक्षित. पाठवलेला मजकूर, रेकॉर्डसाठी:

"सयाजी, मला मासे धरता येत नाहीत. कधीच येत नव्हते. रील कसं धरायचं ते शिकवाल का? रॉड एकच आहे, माझा. आधी तुम्ही टाका. रविवारी, २२ तारखेला मी तलावावर येऊ शकते. यायचं की नाही ते बुधवारपर्यंत, १८ फेब्रुवारी, कळवा. — क्रांती"