कोठीचं झाकण

आई, माझी नोकरी गारांवर चालते, हे तुला सांगायचं राहिलं. तू गेल्यावर लागली. रडारवर ढग दिसतो, पण त्यात नुसता पाऊस आहे की गारा, आणि असल्या तर केवढ्या, हे ओळखण्यात अजून चूक होते. म्हणून आम्ही गावोगाव लोकांच्या घरावर थर्माकोलची पाटी बसवतो, वर चांदीसारखा कागद. गार पडली की त्यात खळगा पडतो. तो मोजायचा आणि रडारशी ताडून बघायचा. जमलं तर लोकांना गुरं आत घ्यायला, गाडी आडोशाला लावायला थोडा वेळ आधी कळेल. एवढंच काम.

परवा शेवगावच्या पुढे एका गावात पत्रे फुटले, कौलं फुटली. रडारनं पाऊस सांगितला होता, त्यामुळे इशारा गेलाच नाही. चूक कुठे झाली ते दाखवणारी त्या गावात आमची एकच पाटी, एका मावशींच्या घरावर. मी पोचले तर त्यांनी ती स्वच्छ पुसून हातात दिली. "लई खड्डे पडले हुते, बाई. दुसऱ्याची वस्तू अशी कशी माघारी द्यायची? लाटनं फिरवलं, सारखी केली."

मी ओरडले नाही. सावकाश म्हणाले, "मावशी, एवढंही कळत नाही का तुम्हाला?" आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, हे मी पूर्वी बोललेय. गारा आल्या की तू चुलीवरचा तवा उचलून अंगणात फेकायचीस, लोखंड पडलं की गारा थांबतात म्हणून. कॉलेजच्या सुट्टीत मैत्रिणींसमोर मी तुला हेच बोलले. त्यानंतरच्या गारा आठवतात. तू तवा घेऊन उंबऱ्यात उभी आहेस. माझ्याकडे बघतेस, तवा परत चुलीवर ठेवतेस आणि भाकरी थापायला बसतेस. पुन्हा कधी फेकला नाहीस.

मावशींनीही आत जाऊन चहा ठेवला. मी ओट्यावर बसून राहिले. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं. समोर अंगणात धान्याच्या कोठीचं पत्र्याचं झाकण पडलं होतं, खळग्यांनी भरलेलं.

"हे इथे कसं?"

"घाईत तवा घावला न्हाई, मग हेच फेकलं. हसा आता."

हसले नाही. चहा निवला तरी खळगे मोजत बसले. लिंबाएवढ्या गारा होत्या. फोनवर साहेब म्हणाले, पाटीइतकं पक्कं नाही, पण चालेल, रडारची चूक यावरनं सुधारता येईल. मग विचारलं, "झाकण अंगणात कसं आलं?"

मी म्हणाले, "वाऱ्यानं उडालं असेल."

तुझी माफी मागायची म्हणून हे लिहायला बसले होते. पण त्या फोनवर मला मैत्रिणींसमोर वाटली होती तीच लाज वाटली, आई. तुझीच.