नाकाच्या शेंड्यावरची हळद

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.

नाकाच्या शेंड्यावर तारुण्यपिटिका. लाल, गरम, बोट लागलं की डोळ्यांत पाणी. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी! आरशात पाहून आधी वाईट वाटलं, मग शब्दाकडे नीट लक्ष गेलं. तारुण्य असल्याशिवाय तारुण्यपिटिका येत नाही. म्हणजे शरीराचा रिपोर्ट तसा चांगलाच आहे.

तरी घालवायला हवी. चौदा तारखेला गावात शेतीशाळा आहे. विषय : फवारणी करताना घ्यायची काळजी. कृषी खात्याकडून मी, आरोग्य खात्याकडून उपकेंद्राच्या नंदिनी मॅडम. कार्यक्रमानंतर चहा होईल आणि चहाच्या वेळी मी मॅडमना लग्नाचं स्पष्ट विचारणार आहे. याआधीही विचारायचं ठरवलं होतं. एकदा पाऊस होता, एकदा त्या घाईत होत्या, एकदा मी घाईत होतो. या वेळी शासकीय कार्यक्रम आहे, टळणार नाही.

किडीचा बंदोबस्त हे तर माझं रोजचं काम. मी सहायक कृषी अधिकारी आहे (लोक अजून कृषी सहायकच म्हणतात). गुलाबी बोंडअळीशी लढणाऱ्या माणसाला एक पुटकुळी काय जड आहे?

४ नोव्हेंबर.

मी रुख्माबाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. सकाळी त्यांनी नाक पाहिलं. म्हणाल्या, काऊन सायेब, नाकावर टमाटं लावून राह्यले का? मग उपाय सांगितला. सकाळी उठल्याबरोबर, चूळ न भरता, आपलीच शिळी थुंकी लावाची. त्यांच्या सासूच्या तोंडावर जन्मात एक फोड टिकला नाही म्हणे. मी बी.एस्सी. ॲग्री आहे. हसून सोडून दिलं.

माझा मित्र सचिन याच्या कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-खतांच्या दुकानात, फ्रीज आहे. तिथला बर्फ रुमालात घेऊन नाकावर धरला. नाक आहे की नाही तेच कळेना, पण बर्फ काढल्यावर ठणका दुप्पट. सचिन म्हणाला, अबे बावा, उपकेंद्र समोर आहे, मॅडमकडे जा, ट्यूब देतील, तेही फुकट. त्याला काय कळणार! औषध मागायला गेलेला माणूस पेशंट होतो. आणि पेशंटनं लग्नाचं विचारलं तर बाई आधी त्याचा ताप मोजेल.

५ नोव्हेंबर. सकाळी लवकर.

थुंकी लावली. केवळ प्रयोग म्हणून. लाळेत एन्झाइम असतात हे विज्ञानही मानतं. रुख्माबाईंना सांगायची गरज नाही.

संध्याकाळी : फरक नाही. उलट वाढल्यासारखी वाटते. पण वाढणं म्हणजे पिकणं, आणि पिकणं म्हणजे संपत येणं. आपण योग्य दिशेनं चाललो आहोत.

६ नोव्हेंबर.

मोबाइलवर एका बाईनं लसूण ठेचून त्यात लिंबू पिळायला सांगितलं. लावलं. आई गं. वरची कातडीच सोलून निघाली. बाईच्या व्हिडिओला लाखभर लाइक आहेत, म्हणजे चूक माझ्या लसणाची असावी.

मास्क लावून बाहेर पडलो. चौकात नेमक्या नंदिनी मॅडम स्कूटीवर. थांबल्या. मास्क काऊन सर, खोकला आहे का, म्हणाल्या. मी हो म्हणालो. किती दिवस झाले? म्हटलं, झाले दोन-तीन आठवडे. वाटलं, जुना खोकला म्हटल्यावर विषय संपेल. पण त्या एकदम गंभीर झाल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. माझ्याकडे कोणी इतकं लक्ष देऊन पाहिल्याला वर्षं झाली असतील.

७ नोव्हेंबर.

आशा वर्कर छायाताईंनी ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांदेखत एक डबी हातात दिली. जुना खोकला म्हणजे टीबीची तपासणी करावीच लागते, मॅडमनी सांगितलंय. सकाळचा पहिला बेडका पाहिजे. या गावात माझ्या थुंकीला भलतीच मागणी आहे.

लोक हसले. हसू देत. डबीवर मॅडमच्या अक्षरात माझं नाव होतं. 'अंकुश सर.' टीबीच्या डबीवर 'सर' लिहायचा काही नियम नाही. ते त्यांनी मनानं लिहिलं.

८ नोव्हेंबर. दुसरा शनिवार, सुट्टी.

खोकला नसताना बेडका काढणं फार अवघड काम आहे. छायाताईंना डबी परत देताना जिवावर आलं.

दुपारी : दाबली. याबद्दल लिहायचं नाही.

संध्याकाळी : लिहितो. पांढरं टोक दिसत होतं, मोह आवरला नाही. दोन्ही अंगठ्यांची नखं लावली. थोडं रक्त आलं, बाकीचं आतच गेलं. नाकाची उजवी बाजू टणक झाली आहे आणि ठणका डोळ्याखालपर्यंत जातो. खरं सांगायचं तर थोडी भीती वाटली. पुन्हा हात लावणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार.

पुन्हा दाबली.

आता मात्र शेवटचा आणि खात्रीचा उपाय. समुद्रपूरकडच्या एका शेतकऱ्यानं प्रेमानं दिलेली वायगावच्या हळदीची पुडी ट्रंकेत होती. ही हळद म्हणजे आपल्या जिल्ह्याची शान, चिमूटभर टाकली की वरण पिवळंधम्मक. तीन चमचे घेतली. कडुलिंबाचा पाला वाटला, तेल घातलं आणि जाड लेप दिला. नाकाला दिला, मग एकटं नाकच वेगळं दिसू नये म्हणून दोन्ही गालांना दिला. सकाळी उठेन तो नवा माणूस असेन.

१० नोव्हेंबर, सोमवार.

सूज तेवढीच. हळद जात नाही. साबण झाला, बेसन झालं, दही झालं. दह्यानं रंग जास्तच खुलला. मास्कच्या वरून पिवळं, खालून पिवळं.

सापळे बघायला शिवारात जावंच लागलं. कामगंध सापळे. मादीच्या वासाला भुलून बोंडअळीचे नर पतंग येतात आणि अडकतात. बाया कापूस वेचत होत्या. मला पाहून हात थांबले. तुळशीची लग्नं नुकतीच झालेली, लग्नाचे दिवस लागलेले. एक जण ओरडली, व माय, सायेबाले हळद लागली! नवरी कुठची हो?

ही औषधाची हळद आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग एकदम सुचलं. कापसाच्या ढिगाजवळ दुसरा व्यापारी उभा दिसला की पहिला लगेच भाव वाढवतो. ही बातमी उपकेंद्रापर्यंत जाईल. मॅडमना धक्का बसेल आणि मनात असेल ते ओठावर येईल. चौदा तारखेला माझं निम्मं काम त्याच करतील. मी नुसता हसलो. माझं घर कारंजा घाडग्याला, म्हणून एकीनं विचारलं, नवरी कारंजाचीच का? मी मान डोलावली. खोटं एक अक्षर बोललो नाही.

संध्याकाळी सचिननं पेढे मागितले. त्यालाही काही सांगितलं नाही. डावपेचात मित्र नको.

११ नोव्हेंबर.

मॅडमचा मेसेज! पहिलाच. 'अभिनंदन सर. रिपोर्ट निगेटिव्ह आहे.'

दिवसभर वाचला. अभिनंदन कशाचं? नीट विचार केला. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणूनच. मला टीबी नाही याचा त्यांना एवढा आनंद झाला की शब्द वाक्याच्या आधी बाहेर पडला. मी 'धन्यवाद' लिहिलं आणि एक फूल पाठवलं. त्यावर उत्तर नाही. लाजल्या असतील.

रुख्माबाई जेवताना म्हणाल्या, बीपी मोजाले गेलती तं मॅडम पुसत होत्या, सायेबाचं लग्न खरंच जमलं का म्हणून. म्या मॅडमले सांगितलं, जमलंच असन, हळद का कोणी उगाच लावते?

भाव चढतोय.

१२ नोव्हेंबर.

उजवा डोळा सकाळी उघडायला वेळ लागला. रुख्माबाईंच्या सहाणेवर जायफळ उगाळून लावलं. वरून तुरटी. नाकाला आता काहीही लागलं तरी जीव कळवळतो. शेतीशाळेचं भाषण पाठ करायला बसलो, अर्ध्या तासात पहिलीच ओळ विसरलो.

१३ नोव्हेंबर.

ताप आहे. डोळा अर्धा मिटला. टूथपेस्ट लावून पाहिली.

आईचा फोन. आवाजावरूनच ओळखलं तिनं. म्हणाली, दवाखान्यात जा रे बापा, नाकाचं दुखणं चांगलं नाई. म्हटलं, उद्या मॅडमना भेटतोच आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं. घरात कोणी असतं तर तिनं पहिल्याच दिवशी हाताला धरून नेलं असतं. ही भावना उद्या बोलताना वापरता येईल.

१५ नोव्हेंबर. सेवाग्राम, दवाखान्यातला वॉर्ड.

कालचं लिहितो. एका डोळ्यानं लिहितो आहे, त्यामुळे थोडक्यात.

शेतीशाळेत माईक हातात घेतला. शेतकरी बंधूंनो म्हणालो आणि अंधारी आली. मॅडम उठल्या, मला खुर्चीवर बसवलं आणि मास्क काढला. काय काय लावलं सर, त्यांनी विचारलं. सांगितलं. थुंकीचं सांगितलं नाही, तर मागून रुख्माबाईंनी सांगितलं. मग मॅडमनी माईक घेतला. फवारणीचा विषय बाजूला ठेवून त्या वीस मिनिटं माझ्या नाकावर बोलल्या. तोंडावर आलेला फोड दाबायचा नाही, लसूण-लिंबू-पेस्ट लावायची नाही, सूज डोळ्याकडे चढली, ताप आला तर एक दिवस घरी थांबायचं नाही. हे पाहा, असं होते. शेतकरी एकेक करून पुढं येऊन पाहून गेले. माझ्या सगळ्या शेतीशाळांत इतकी चांगली उपस्थिती कधी नव्हती.

बोलताना त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ सोडली नाही. मी पाहिलं. मग गाडी बोलावली आणि मला इकडे पाठवलं. चहा झालाच नाही.

इथल्या तरुण डॉक्टरनं कायकाय लावलं त्याची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. जायफळापाशी त्यानं पेन खाली ठेवलं. सलाईनमधून औषध चालू आहे. आणखी उशीर केला असता तर डोळ्याच्या आत गेलं असतं, म्हणाला. त्यानं सांगितल्यावर मी खरोखर घाबरलो. आई कारंजाहून येऊन बसली आहे. नुसती पाय चेपते.

१९ नोव्हेंबर.

सुट्टी मिळाली. सूज गेली. जे काम मी सतरा उपायांनी केलं नाही ते औषधानं चार दिवसांत केलं. नाकावर फक्त एक बारीक काळा डाग. आरशात पाहिलं आणि बरं वाटलं. आता कुठलंच कारण शिल्लक नाही. परवा उपकेंद्रात जाणार. लग्नाची अफवा खोटी आहे हे आधी सांगणार, मग बाकीचं. भाव पुरेसा चढला असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

गेलो. दुपारी गर्दी नव्हती. मॅडमनी नाक तपासलं, गोळ्या संपवल्या का विचारलं, मग म्हणाल्या, लग्नाची तारीख काय निघाली सर? मी म्हणालो, लग्न वगैरे काही नाही, ती हळद औषधाची होती.

त्यांच्या हातातला टॉर्च बंद करायचा राहून गेला होता. मग म्हणाल्या, मंग तुम्ही तेव्हाच काऊन नाही सांगितलं? काय सांगणार होतो? माझा भाव वाढवत होतो म्हणून?

मग त्यांनीच सांगितलं. हिंगणघाटचं एक स्थळ दिवाळीपासून आलं होतं. घरचे मागे लागले होते, आणि त्या थांबा, थांबा म्हणून राह्यल्या होत्या. मग हळदीचं कानावर आलं, रुख्माबाईंना विचारलं, त्याही हो म्हणाल्या. त्याच रात्री घरी होकार कळवला. रविवारी साखरपुडा झाला. तेव्हा मी सेवाग्रामला होतो.

मी विचारलं, थांबा कशासाठी म्हणत होतात? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

मग त्या नाकाबद्दलच बोलल्या. मले तं पहिल्याच दिवशी दिसलंतं सर. सोमवारी तुम्ही दूध घेऊन जात होते तेव्हा. मी ट्यूब काढून टेबलावर ठेवलती. म्हटलं, आज येतील, उद्या येतील. त्या फोडाचं नाव तरी कसं काढू, तुमच्या तोंडावर? म्हणून खोकल्याचं पुसलं, तं तुम्ही हो म्हणाले.

तुम्हाला दिसू नये म्हणूनच आलो नाही, असं मी म्हणालो. छत्तीस वर्षांत मी बोललेलं हे बहुधा पहिलं खरं वाक्य असेल, आणि ते कुठल्याच कामाचं नव्हतं. तुम्हाला विचारायचं होतं, असं पुढं म्हणायला हवं होतं. तेवढ्यात एक आजी साखर तपासायला आत आली, आणि खोटं कशाला लिहू, ती आली म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

बाहेर येऊन सचिनच्या दुकानामागे उभा राहिलो आणि रडलो. नाक पुसताना कुठेच दुखलं नाही.

मॅडमनी कार्डावर लिहून दिलं आहे : 'पूर्ण बरे. पुन्हा येण्याची गरज नाही.' नावापुढे सर लिहिलेलं नाही.