अमुक

६ एप्रिल

माझं गोत्र कोणतं? आज आल्याआल्या शास्त्रीबुवांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. बाहेर येऊन कुर्डुवाडीला वडिलांना, आप्पांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, "देवक इचार, सांगतो. गोत्र आपल्याला आजवर कुणी इचारलंच न्हाय की." शेवटी शास्त्रीबुवांनीच तोडगा काढला. गोत्र ठाऊक नसेल त्यानं काश्यप म्हणावं. म्हणजे फॉर्मवरच्या 'इतर'सारखं. मला हसू आलं. आज कशाचंच वाईट वाटणार नाही.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही संस्कृतची. आणि पहिली नोकरी इथं भवानी पेठेत, नरहरशास्त्रींच्या घरी. त्यांची दृष्टी गेली आहे. मुलगा-सून पुण्यात, पोथ्या कापडात बांधलेल्या. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी उच्चार सुधारायचे, मोबाइलवर ते रेकॉर्ड करायचं आणि नंतर टाइप करायचं. शेजारी चादरींचे माग खडखडतात, म्हणून खिडकी लावून बसावं लागतं. घरकामाला चंद्रव्वा येतात, अक्कलकोटकडच्या. त्यांनी विचारलं, आता पोरीपण भटजी होणार व्हय? मी म्हटलं, होणार.

९ एप्रिल

विधीच्या पोथीत माणसाचं नाव यायचं तिथं 'अमुक' लिहिलेलं असतं. अमुक गोत्राचा, अमुक नावाचा. ज्याचं कार्य असेल त्याचं नाव तिथं घालायचं. आई घरी 'अमकं-ढमकं' म्हणते, ते त्याच जातीतलं.

माझं नाव आईला धड म्हणता येत नाही. 'उत्करसा' म्हणते. पण ठेवलं तिनंच. शाळेच्या भिंतीवर तो शब्द होता, गुरुजींना अर्थ विचारून घेतला. जे शब्द आमच्या खापरपणजीच्या कानावर पडू दिले नाहीत, ते तिची उत्करसा आता खणखणीत म्हणते. शास्त्रीबुवा म्हणाले, वाणी स्वच्छ आहे.

१५ एप्रिल

आज पांढऱ्या कापडातली पोथी काढली. शास्त्रीबुवा म्हणाले, इथं 'अमुक' म्हणू नकोस, स्वतःचं नाव घाल. ऐकणाऱ्याला पद्धत कळेल. मी आनंदानं म्हटलं, काश्यपगोत्रायाः उत्कर्षा— आणि पान संपलं. पुढचं उलटणार तेवढ्यात त्यांनी पोथीवर हात ठेवला. आज पुरे, म्हणाले. पोथी कापडात बांधून टाकली.

१६ एप्रिल

पोथी सोडून पाहिली. पुढच्या पानावरचा पहिला शब्द 'प्रेतायाः'.

काश्यप गोत्राच्या, उत्कर्षा नावाच्या मृत स्त्रीचं. 'गोत्रायाः' ही षष्ठी, तीही स्त्रीलिंगी. विधी करणारा स्वतःचं नाव प्रथमेत घेतो, षष्ठी ज्याच्यासाठी विधी त्याची. विभक्ती पाहताच मला कळायला हवं होतं. पण स्वतःचं नाव म्हणायला मिळालं, त्या आनंदात विभक्ती पाहिलीच नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, मनावर घेऊ नकोस.

दुपारी गच्चीवर डबा उघडला. कावळा आला, भाकरीला शिवला आणि गेला. चंद्रव्वा पाहत होत्या.  लगबगीनं खाली गेल्या.

१९ एप्रिल

चंद्रव्वांनी आज माझं नाव विचारलं. रोज तर नावानंच हाक मारतात.

पंधरा तारखेचं रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज माझा. फक्त नाव दुसऱ्या बाईच्या आवाजात. सावकाश, अडखळत. नवीन शब्द शिकावा तसं.

२२ एप्रिल

आईनं फोनवर विचारलं, कोण बोलतंय.

पदवीचं प्रमाणपत्र काढून पाहिलं. शिक्के आहेत, सह्या आहेत. नावाच्या जागी कागद कोरा. खाडाखोड नाही.

भीती वाटते आहे. रागही तेवढाच आहे.

२३ एप्रिल

शास्त्रीबुवांना धरून बसवलं आणि बोलतं केलं.

त्यांच्या पणजोबांच्या वेळी अंगण झाडणारी एक बाई होती. बाहेरून ऐकूनऐकून सगळे मंत्र शिकली आणि एके दिवशी मोठ्यानं म्हणाली. तिला कोंडलं. ती आतच मेली. तिला पिंड द्यायला या घरातलं कुणी तयार नव्हतं, आणि तिचं नावही कुणी कधी विचारलं नव्हतं. पोथीत 'अमुक' तसंच राहिलं. तेव्हापासून ती नाव शोधते. घरातल्या मुलींची नावं पुसट व्हायला लागली की हे लोक बाहेरची गरीब पोर आणतात. तिचं नाव अर्ध्या मंत्रात म्हणवून घेतात आणि पोथी बांधून ठेवतात. यंदा त्यांच्या नातीचं नाव पुसट झालं होतं.

आधीच्या मुली कुठं गेल्या, मी विचारलं. आठवत नाही, म्हणाले. कुणालाच आठवत नाही.

मग रडले. म्हणाले, "अजून वेळ आहे. दुसरं नाव घाल, तू सुटशील. चंद्रव्वाचं घाल. तिचं कोण विचारतंय?"

२४ एप्रिल

माझंही कुणी विचारणार नाही, असंच वाटलं होतं त्यांना.

नाही घालणार. कुणाचंच नाही.

पोथीची पुढची पानं आजवर कुणी वाचलेलीच नाहीत. मला वाचता येतात. त्यासाठीच तर शिकले —

२५ एप्रिल

केलं.

गच्चीवर, भर उन्हात. माग चालू होते. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. भाताचा पिंड मीच वळला. काश्यप म्हटलं नाही. बजाबाईगोत्रायाः म्हटलं. आईचं नाव. व्याकरण चुकलं असेल, चुकू दे. शास्त्रीबुवा जिन्यातून ओरडत होते, बाईनं हे करायचं नसतं, आणि असल्या बाईसाठी तर — मी आवाज चढवला.

नावाच्या जागी माझं नाव. तिनं घेतलेलं नाही, मी दिलेलं. म्हटलं, हे घे आणि जा. पुन्हा कुणाचं मागू नकोस.

कावळा लगेच शिवला.

चंद्रव्वा वर आल्या. कोण तुम्ही, म्हणाल्या. त्यांचं नाव विचारलं. "चंद्रव्वा की." चटकन, पुरतं. शाबूत आहे.

आता आईचा फोन. कोण बोलतंय? बजाबाईची लेक, म्हटलं.  ती म्हणाली, "व्हय, लेकीचाच आवाज हाय. नाव काय गं तुजं?"

दिलं, आई. कुणी हिसकावलं नाही. मी दिलं, मी —

खाली सही करते. मी,