महाराज गेल्याचे पत्र

बोईसर, ३ सप्टेंबर १९६७

तीर्थरूप दादांस, कृष्णकांताचा शि. सा. न. वि. वि.

स्वराज्यस्थापनेच्या इतिहासाचे आपले शेवटचे प्रकरण परवा पोहोचले. पोहोचले एवढेच; राहिले नाही. वीस वर्षे आपण प्रकरणे पत्रांतून लिहून पाठवता, मी त्यांची मुद्रणप्रत करतो. जवळ नक्कल ठेवा, असे मी दर प्रकरणाला लिहितो आणि आपण उत्तरी सुपारीचे पीक कळवता.

मी शाळेत होतो. सौ. जयवंतीने प्रकरणाची सहाही पत्रे वाचली आणि महाराज गेल्याचे कळताच रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर नेऊन फाडली. मरणाचे पत्र घरात ठेवीत नाहीत. मग डोक्यावरून आंघोळ. मी आलो तेव्हा चूल थंड. महाराजांना जाऊन पावणेतीनशेवर वर्षे झाली, असे मी सुनावले. तिचे म्हणणे, झाली असतील, आपल्या घरी आज कळलं. धर्मशास्त्र काढून पाहिले, तर तेही तिच्याच बाजूचे निघाले. तुकडे पावसाच्या पाण्याने ओढ्याला नेले.

दसऱ्यापर्यंत प्रकरण न मिळाल्यास प्रकाशक पुस्तकच सोडणार आहेत. कृपया पुन्हा लिहावे. लोभ आहेच, त्याची तरी नक्कल लागत नाही.

आपला
कृष्णकांत

केळवे, ७ सप्टेंबर

चि. कृष्णकांतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या बळवंताच्या हातचे आहे, यावरून काय ते समज. मोतीबिंदू पुरता पिकला. ते प्रकरण मी चाचपडत लिहिले. पुन्हा होणे नाही.

जयवंतीला रागावू नकोस. वीस वर्षे तू माझी प्रकरणे उतरवलीस, तुझी चूल एकदाही थंड झाली नाही. काय आठवते ते तिला विचार. सुपारी यंदा बरी आहे.

विश्राम

बोईसर, २० सप्टेंबर

ति. दादांस, शि. सा. न. वि. वि.

तिला सगळे आठवते. मात्र मरण घरात सांगणार नाही म्हणते. म्हणून आठ दिवस संस्कृतचा मास्तर छत्री धरून ओट्यावर बसला आहे, बायको सांगते ते लिहून घेतो आहे आणि गल्ली बघते आहे. तीन शेजारणी कोण गेले म्हणून विचारून गेल्या. जयवंतीने खरे ते सांगितले.

एक तक्रार. आपण न लिहिलेले एक वाक्य तिने घातले आहे: त्या दिवशी गडावर एकही चूल पेटली नाही. आधार विचारला, तर म्हणते, याला आधार कशाला लागतो. आपण आधाराशिवाय अक्षर लिहीत नाही. वाक्य काढू काय? लोभ ठेवावा, निर्णयही लवकर धाडावा.

कृष्णकांत

केळवे, २४ सप्टेंबर

चि. कृष्णकांतास आशीर्वाद.

प्रकाशकाकडे धाडण्यापूर्वी नक्कल करून ठेव, हे मी सांगायला नको.

वाक्य राहू दे. खाली टीप घाल: आधार, सौ. जयवंतीची चूल, बोईसर, १ सप्टेंबर १९६७.

विश्राम