गच्चीवरून न दिसलेला शेवटचा भाग

मी, वय वर्षे सत्तावन्न, धंदा टीव्ही दुरुस्ती, शाळा आठवीपर्यंत आणि पुढचं सगळं पुस्तकांतून स्वतः शिकलेला, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. हात थरथरत नाही, चष्मा पुसलेला आहे. मंगळवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण झाकण उघडल्याशिवाय आत काय निघेल ते सांगू नये, हे मी धंद्यात शिकलो. कोणाचंही दडपण नाही. याआधी असं काही लिहिलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. यात कोणी नाक खुपसू नये.

२. दुकान व सर्व हत्यारे मुलीला. लाल मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने डबे उघडू नयेत. स्वयंपाकघरात तो मला दोनदा सापडला आहे.

३. पुस्तके एकशे बारा, ग्रंथालयाला. छापील चुका मी समासात पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत, त्या खोडू नयेत.

४. जुन्या मालिकांच्या एकेचाळीस कॅसेट नाक्यावरच्या टेलरला. शीर्षकगीत सुरू झालं की गल्लीतले नळ कसे पटापट बंद व्हायचे, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

५. वडिलांचा लाकडी खोक्याचा टीव्ही. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

सहा वर्षांपूर्वी वडिलांचं घर रिकामं करताना माझ्या धाकट्या बहिणीने हा टीव्ही मला न विचारता भंगारवाल्याला दिला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. खरी गोष्ट अशी की त्याच दुपारी मी तो परत आणला आणि तिला कळू दिलं नाही. तिने तीनदा माफी मागितली, मी तीनदा मान फिरवली. टीव्ही तेव्हापासून माळ्यावर, चादरीखाली, चालू स्थितीत आहे.

गेल्या महिन्यात मी एक कादंबरी वाचली. लहानपणी दर गुरुवारी संध्याकाळी नावाड्याची मालिका लागायची, ती हिच्यावरूनच केलेली. शेवटचा भाग लागला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आई कामावर. मी गच्चीवर अँटेना धरून, कारण हात सोडला की चित्र जायचं. खाली याच टीव्हीपाशी धाकटी, वय नऊ, खिडकीतून ओरडून सांगत होती, "दादा, हलू नकोस रे! आला! नावाडी आला घरी! पोरं धावत सुटलीत!"

मी अँटेनाला मिठी मारून रडलो. त्या वर्षी आमचे वडील बोटीवर कामाला गेले होते आणि चार महिने त्यांचं पत्र नव्हतं. (पुढे ते सुखरूप आले.)

कादंबरीत नावाडी परत येत नाही. पुस्तक वेगळं, मालिका वेगळी असू शकते, म्हणून टेलरला विचारून खात्री केली. तो म्हणाला, "कुठला येतोय! शेवटी नुसती रिकामी होडी दाखवली. आमच्याकडे त्या दिवशी कोणी जेवलं नाही."

म्हणजे त्या पोरीने रिकामी होडी एकटीने पाहिली आणि माझ्यापर्यंत पोचू दिली नाही. चव्वेचाळीस वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाही. आणि मी एका खोक्यासाठी सहा वर्षं रुसून बसलो, तोही माझ्याच माळ्यावर असताना.

~~सबब हा टीव्ही माझ्या पश्चात धाकटीला द्यावा.~~

६. वरचं शुक्रवारी लिहिलं, हे रविवारी. साक्षीला मला धाकटीच हवी होती, पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचंय त्याने सही करू नये. बायको म्हणाली, "अहो, मग मरायची वाट कशाला बघता? उचला तो खोका आणि जा!" म्हणून वरचं वाक्य खोडलं आहे. खोडाखोड माझीच.

आज सकाळी टीव्ही तिच्या दारात नेऊन ठेवला. तिने चादर ओढली. खोक्यावरून हात फिरवला.

"सहा वर्षं, दादा?"

मी होय म्हटलं. पुस्तकाचंही सांगितलं. तिने डोळे पुसले आणि टीव्हीचं बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"आता अँटेनावर काही लागत नाही गं," मी म्हटलं.

"नसू दे. तू बस. काय दिसतंय ते मी सांगते."

सही: टीव्ही दुरुस्त करणारा

साक्षीदार पहिले: समोरचे औषधवाले. (टेलर आला होता, पण कॅसेट मिळणार म्हणून परत पाठवला.)

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. या मृत्युपत्राने तिला काहीही मिळत नाही. तिचं तिला पोचलं आहे.

स्थळ: तिची पुढची खोली. रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.