उत्तर शालूच्या पत्त्यावर दे

कोपरी, ठाणे (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९९६

चि. जया हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. हे अक्षर शेजारच्या शालूचं. एरवी मी सांगते न् तुझा भाऊ लिहितो, पण हे नाथाला कसं सांगू? त्याच्या लहान मेंदूतली गाठ काढली होती ना, ती परत आली गं. त्याला नुसती सूज आहे म्हणून सांगितलंय.

मागच्या पत्रात तू लिहिलेलंस, त्याचं सहावं बोट न् ही गाठ एकाच कारणाची, न् ते पोटातच ठरतं. नाथाने हसत वाचून दाखवलं. मला तेव्हापासून घास उतरत नाही. त्याच्या वेळी पाचवा महिना होता न् ग्रहण लागलेलं. सासूबाई बसून राहा म्हणालेल्या. मी कसली ऐकतेय! टोपलीभर बोय मासळी चिरली. मीच केलं का गं हे? खरं सांग. तो किती दिवस आहे तेही सांग. उत्तर शालूच्या पत्त्यावर दे.

माया आटू देऊ नकोस.
तुझी आई, सगुणा

बंगळूर
२८ नोव्हेंबर १९९६

ती. आईस जयाचा शि. सा. न.

वि. वि. चूक माझी. अर्धवट लिहिलं न् तुझ्या जिवाला घोर लावला. आई, बाळ घडताना पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारं एक प्रथिन असतं. बोटं किती, मेंदू केवढा, सगळं त्याच्या निरोपावर. काम झालं की त्याला आवरणारं दुसरं असतं. नाथाच्या पेशींत तो आवर पहिल्यापासूनच बिघडलेला असावा. ग्रहणाने, मासळीने तो बिघडत नाही. तू काहीही केलेलं नाहीस. इथे प्रयोगशाळेत फळमाश्यांत आम्ही तेच बघतो. नाथा मला उगाच माश्यांची गवळण म्हणत नाही.

खरं विचारलंस म्हणून लिहिते. शिमग्यापर्यंत तो राहील असं वाटत नाही. मी रजा टाकलीय.

रडू आलं तर रड, पण जेव.
तुझी जया

कोपरी
१२ फेब्रुवारी १९९७

चि. जयास आशीर्वाद.

वि. वि. तेराव्यानंतर तू गेलीस न् घर खायला उठलं. काल नाथाची पुस्तकं आवरताना तुझं ते पत्र सापडलं. सवयीने तू घरचाच पत्ता घातलेलास, म्हणून ते त्यानेच मला वाचून दाखवलेलं. माझी चूक नाही, हे परत ऐकावंसं वाटलं, म्हणून शालूला वाचायला बसवली. शिमग्याच्या ओळीवर ती थांबली.

ती ओळ त्याने मला वाचलीच नव्हती, जया. सगळं माहीत असून पोर दोन महिने माझ्याशी हसत राहिलं. मी त्याच्यापासून लपवत होते, न् तो माझ्यापासून.

त्या जागी त्याने वाचलेलं, की शिमग्याला आईने बोय चिरावी न् मनात काही आणू नये. मी इतके दिवस ते तुझंच समजत होते. शालू म्हणते, पत्रात असं कुठेच नाही.

शिमग्याला ये. मी बोय आणणार आहे.
तुझी आई