तपासणीआधीचा फोन बंद करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
उत्तेजक प्रतिबंध कार्यालय, सायकल शर्यत विभाग.

विषय: तपासणी पथक येण्याआधी अर्धा तास फोन करण्याची, माझ्याच अर्जावरून मिळालेली सवलत रद्द होण्याबाबत.
संदर्भ: माझा मार्चमधील अर्ज व आपली सहृदय मंजुरी.

महोदय,

१. मी एका व्यावसायिक सायकलपटूची पत्नी आणि सात महिन्यांच्या बाळाची आई आहे. पथक पहाटे बेल वाजवते, बाळ दचकून उठते व दिवसभर किरकिरते, असा दोन पानी अर्ज मी केला होता. तो वाचून पती म्हणाले, "काय लिहितेस गं, डोळ्यांत पाणी आलं." लग्नानंतरचे हे माझ्या लिखाणाचे पहिलेच कौतुक. संशय तेव्हाच यायला हवा होता.

२. मी दुधाच्या बाटल्या दोनदा उकळते, औषधावरची तारीख तीनदा वाचते. आपला फोन आल्यावर नवरा अर्धा तास बाथरूममध्ये काय करतो, हे मात्र पाहिले नाही. उलट पथक लवकर आले की मीच कॉफी देऊन थोपवून धरले.

३. गेल्या मंगळवारी बाळाचा टॉवेल घ्यायला आत गेले. खुंटीला सलाईन, नळी यांच्या दंडात. मग सगळे कळले: स्वतःचे रक्त काढून साठवायचे, शर्यतीआधी दम वाढावा म्हणून परत भरायचे, आणि पथक आले की ते जादा रक्त दिसू नये म्हणून मिठाच्या पाण्याने पातळ करायचे. वर म्हणतात, "अगं, रक्त माझंच आहे. शेजाऱ्याकडून उसनं आणलंय का?"

४. मी तत्त्वज्ञानाची पदवीधर. तरी यावर उत्तर सुचले ते तिसऱ्या दिवशी, बाळाला टोपी घालताना. ती टोपी मागच्या शर्यतीत तिसऱ्या आलेल्या खेळाडूने दिली होती. हे दुसरे आले होते. रक्त यांचे, कबूल; दुसरा नंबर कोणाचा? हे विचारल्यावर म्हणाले, "शर्यत होऊ दे, मग बोलू." शर्यत रविवारी आहे.

५. तरी सवलत तात्काळ रद्द करून रविवारच्या आत पथक पाठवावे. यांच्यावर बंदी आली तर घर कसे चालेल, ठाऊक नाही. हा अर्ज यांना वाचायला दिलेला नाही. बेल न वाजवण्याची विनंती मात्र कायम आहे; त्यासाठी दाराची किल्ली जोडली आहे. बाथरूम डाव्या हाताला. कडी नीट बसत नाही.

आपल्या कार्यालयाची नकळत दिशाभूल केलेली,
अर्जदार
(सायकलपटूची पत्नी)
दिनांक: ९ सप्टेंबर

सोबत: १. सलाईनच्या बाटलीचा फोटो. २. किल्ली, एक.